साहेबाने टोपी काढली तो दगड

आमच्या गावातल्या विणकरांच्या हॉलबद्दल मला कधी प्रेम वाटलं नाही, आजही वाटत नाही. गावात कुणी नवा पाहुणा आला की त्याला आधी हॉलकडे न्यायचं आणि त्याने ‘वा’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही, ही आमच्या लोकांची रीत. वा म्हणण्यासारखं त्यात काय होतं ते मला कुणीतरी एकदा पटवून द्यावं. लांबच लांब दगडी भिंती, वर पन्हळी पत्रे, खिडक्या इतक्या उंच की त्यातून फक्त कावळ्याने डोकवावं. पण इंग्रजांच्या काळात बांधलेला, म्हणून तो हॉल. आमची माणसं देऊळ म्हणताना साध्या आवाजात म्हणत, हॉल म्हणताना मात्र घसा साफ करून घेत.

गाव संगमनेरपासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. दोन आळ्या विणकरांच्या, घरटी एक-दोन हातमाग, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाच पंच. लग्न, भांडण, वाटणी, सगळं हॉलमध्ये पंचांसमोर चालायचं. सुतात गुंता झाला तरी हे लोक पंचांना विचारून सोडवतील असं मी कॉलेजात असताना मैत्रिणींना सांगायचे आणि त्या हसायच्या.

हॉलची एक कथा होती. मोठ्या पंचांच्या पणजोबांनी एक उपरणं विणलं. ते इतकं तलम होतं की कलेक्टरसाहेब ते पाहून घोड्यावरून उतरला, डोक्यावरची टोपी काढून पणजोबांपुढे उभा राहिला, आणि म्हणाला की अशा कारागिरांना बसायला जागा नाही ही सरकारला लाज आहे. मग त्याने हा हॉल बांधून दिला आणि तसं इंग्रजीत कोरलेला दगड भिंतीत बसवला. दगडावर शेंदराची पुटं चढली होती. दसऱ्याला त्याला हार घालत, नारळ फोडत. आणि साहेबाने तिथे टोपी काढली म्हणून, समाजात ज्याची चूक होईल त्याने त्याच दगडापाशी आपलं पागोटं काढून ठेवायचं, पंच सांगतील तेव्हाच परत डोक्यावर घ्यायचं, असा नियम. विलायतेतला एक घामाघूम साहेब डोकं खाजवायला टोपी काढतो काय आणि ह्यांच्या चार पिढ्या बोडक्या डोक्याने उभ्या राहतात काय, असं मी एकदा आईजवळ बोलले तर तिने मला घरातून बाहेर काढलं होतं.

आणखीही रिती होत्या. हॉलला समोरासमोर दोन दारं. एकातून आत जायचं आणि दुसऱ्यातूनच बाहेर पडायचं. आल्या दाराने परत गेलं तर अपशकुन. आत जायच्या दाराशी उंबऱ्याच्या रुंदीची, वीतभर खोल दगडी पन्हळ होती. तीत पाणी भरलेलं असायचं आणि त्यातून चालत गेल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. भिंतीत ओळीने लोखंडी कड्या होत्या. त्या म्हणे साहेबाने सणाच्या दिव्यांसाठी बसवून दिल्या. कमरेच्या उंचीवर दिवे कोण लावतं, असा प्रश्न त्या पाच शहाण्यांपैकी एकालाही पडलेला नव्हता.

इंग्रजी वाचता येणारी आमच्या समाजातली मुलं नव्हती असं नाही. मोठ्या पंचांचाच मुलगा पुण्याला शिकत होता. पण जे शिकले ते हॉलकडे फिरकत नसत, आणि बाहेरच्या माणसाला दगडाचा शेंदूर खरवडू देण्याची ह्यांची छाती नव्हती. त्यामुळे दगडाला कधी कुणी काही विचारलंच नाही.

माझ्या वडिलांना, आप्पांना, ह्या पंचांनी वाळीत टाकलं होतं. अकरा वर्षं. ते झालं तेव्हा मी नगरला मामांकडे शाळेत होते. भर पंचायतीत आप्पा दगडाबद्दल काहीतरी वाकडं बोलले, पंचांनी पागोटं काढायला सांगितलं, आणि त्यांनी काढलं नाही, एवढंच मला माहीत. नेमकं काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. आई त्या दगडाचं नाव घरात काढू देत नसे, आणि खरं सांगायचं तर एका शेंदऱ्या दगडावरून दोन म्हाताऱ्यांत काय वाजलं ह्यात मला काडीचा रस नव्हता. मला आप्पांचाच राग यायचा. एवढं वाकडं बोललात ना, मग गाव सोडायचं होतं. तेही नाही. रोज त्याच आळीतून मान खाली घालून जायचं, हॉलवरून जाताना चप्पल हातात घ्यायची. मला वाटे, हा माणूस धड बंडखोर नाही आणि धड गुलामही नाही.

वाळीत टाकणं म्हणजे मारहाण नव्हे. फक्त हॉलचा विडा यायचा बंद होतो. आमच्यात लग्न ठरलं की हॉलमधून पाच पानांचा विडा मुलीच्या घरी यायचा. तो आला की लग्न समाजाचं. नाही आला तर मांडवात कुणी पाऊल ठेवत नाही. माझं लग्न त्या विड्यापायीच अडलं असं आई म्हणायची. मी म्हणायचे, बरं झालं. बी.ए., बी.एड. करून मी बेलापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, स्वतःच्या खोलीत स्वतःचा स्टोव्ह पेटवत होते, आणि मला पाच पानांची गरज नव्हती.

पण माझ्या धाकट्या बहिणीला होती. बहात्तरच्या दुष्काळात, घरात रेशनच्या लाल मिलोच्या, त्या अमेरिकन ज्वारीच्या, भाकरी खात असताना, तिला नगरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पेठेत कापडाच्या दुकानात कामाला, धाकटीला पाहिल्याबरोबर हो म्हणालेला. त्याच्या वडिलांनी एकच अट घातली. हॉलचा विडा आला तर वरात आणू, नाहीतर राम राम.  धाकटी दोन दिवस जेवली नाही. तिचा जीव त्या मुलात अडकला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आठवड्याने आप्पांचं पोस्टकार्ड बेलापूरला आलं. रविवारी ये, हॉलमध्ये जायचं आहे, पंचांशी बोलणं झालं आहे, तू हवीस. एवढंच.

मी आले. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, पागोटं नव्याने बांधून ओट्यावर बसले होते. आम्ही निघालो. आळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. जशी काही आमची धिंडच निघाली होती.

“मी कशाला हवी होते?” मी विचारलं.

“तू शिकलेली हायेस.”

“त्या लोकांपुढं माझ्या शिक्षणाचा काय उपयोग? आप्पा, माझं ऐका. वाद घालू नका. पागोटं काढा, पाया पडा, विडा घ्या आणि मोकळे व्हा. त्यांच्या अकलेला शोभेल असंच त्यांच्याशी वागायचं असतं.”

आप्पा म्हणाले, “बगू.”

हॉलमध्ये बायकांना एरवी प्रवेश नव्हता. त्या दिवशी मला कुणी अडवलं नाही. मास्तरीण झाले म्हणून ह्यांना माझी किंमत कळली असावी, असं मी समजले. आणि आत वाटलेली खुशी मी स्वतःपासून लपवली. पन्हळीतल्या पाण्यातून गेलो, साडी ओली झाली. समोर पाच खुर्च्यांवर पाच पंच. खुर्च्यांचा वेत कधीच फाटला होता, त्यावर सुतळी विणून काम चालवलं होतं, म्हणजे ह्या कसबी कारागिरांना स्वतःच्या बुडाखालचं धड विणता येत नव्हतं. मागे भिंतीवर साहेबाची तसबीर. ती कुठल्याशा जुन्या कॅलेंडरमधून कापलेला विलायतच्या राजाचा फोटो होता हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. मोठे पंच मध्ये, खांद्यावर जरीकाठी उपरणं. दुष्काळात सगळ्या गावाचे माग थंड पडले होते, पण ह्यांच्या उपरण्याला इस्त्री होती.

दगडाचा शेंदूर त्या दिवशी काढलेला होता. सोड्याने घासून दगड लख्ख केला होता, अक्षरं स्वच्छ दिसत होती. माझ्यासमोर मिरवायची केवढी ही हौस, मी मनात म्हटलं.

मोठे पंच म्हणाले, “पोरी, इंग्रजी येतं न्हवं तुला?”

“शिकवते.”

“मंग हितं काय लिवलंय ते वाच. जे असंल त्ये आमाला मराठीत सांग. पदरचं काई घालू नगो.”

मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. मला वाटलं, घाबरलेत.

मी दगडाजवळ गेले आणि वाचलं. मजकूर पाच-सहा ओळींचा होता आणि वर्षाचा आकडा उडाला होता. अर्थ असा की, प्लेगच्या साथीत बाजाराला येणारी माणसं व गुरं अडवून तपासण्यासाठी ही शेड सरकारने बांधली. साथ सरल्यावर इथल्या विणकरांना माल ठेवण्यासाठी ती वापरू दिली आहे. सरकार सांगेल तेव्हा ती रिकामी करावी लागेल.

मला हसू आवरेना. ओठ चावून मी उभी राहिले. एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर, म्हणजे तपासलेली माणसं न तपासलेल्यांत मिसळू नयेत म्हणून. पन्हळीत औषधाचं पाणी. कमरेच्या उंचीवरच्या कड्या गुरं बांधायला. ह्या मंडळींनी चार पिढ्या प्लेगच्या शेडमध्ये बसून न्यायनिवाडे केले होते, आणि रोग धुण्याच्या पाण्यातून पाय बुडवून जाण्याला सोवळं म्हटलं होतं. उपरणं नाही, घोडा नाही, टोपी नाही. साहेब आला असेल तर नाकाला रुमाल लावून आला असेल.

सांगून टाकावंसं वाटलं. फार वाटलं. त्या पाच तोंडांकडे पाहिलं. पाचही माना पुढे झालेल्या, मोठ्या पंचांचा हात कानाशी. मग आप्पा दिसले, ताठ उभे राहण्याची धडपड करणारे, आणि डोळ्यांपुढे धाकटी आली. मी आता खरं बोलले तर हे विडा देतील? बापलेकींना पन्हळीत बुडवतील. शिवाय खरं ऐकण्याची ह्यांची लायकी तरी कुठे होती? खोट्यावर पोसलेल्यांना आणखी एक घास खोटं घातलं तर काय बिघडलं? एवढा सगळा विचार करायला मला पाण्याचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

मी पाठ्यपुस्तकातल्या आवाजात वाचलं. “या नगरीच्या विणकरांचे अलौकिक कसब पाहून प्रसन्न झालेल्या सरकारने, त्यांच्या सन्मानार्थ, ही वास्तू त्यांना कायमची अर्पण केली आहे.”

कुणीतरी मोठा श्वास सोडला. मोठ्या पंचांनी डोळे मिटले. शेजारचे पंच, ज्यांना वर्गणी मागण्यापलीकडे काही बोलता येत असे असं मला वाटत नव्हतं, ते उपरण्याने नाक पुसायला लागले. मला त्यांची कीव आली आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

आप्पा म्हणाले, “बाई, पुन्यांदा वाच. सावकाश. सगळ्या वळी वाच.”

मला वाटलं, पंचांना खूश करायला सांगताहेत. मी पुन्हा वाचलं. ह्या वेळी उपरणं घातलं, टोपीही घातली. बोट एकेका ओळीखालून फिरवत, वर्गात फिरवतात तसं.

आप्पा दगडाजवळ आले. मग दोन्ही हातांनी पागोटं उचललं, दगडाच्या पायाशी ठेवलं आणि वाकले. अकरा वर्षांत त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा उजेडात पाहिलं, पांढरंफटक होतं. “चुकलो,” ते म्हणाले. मोठ्या पंचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पागोटं उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि तबकातला पाच पानांचा विडाही दिला. झालं. एवढ्यासाठी अकरा वर्षं.

दुसऱ्या दाराने आम्ही बाहेर पडलो. मी फार खुशीत होते. आळीच्या कोपऱ्यावर कुणी नाही असं पाहून मी म्हटलं, “आप्पा, त्या दगडावर खरं काय आहे सांगू का तुम्हाला? हसून हसून मराल.”

“मला ठावं हाय,” आप्पा म्हणाले.

पागोटं अजून त्यांच्या हातातच होतं.

“त्या साली हॉल साफ करायची पाळी आपल्या घरावर हुती. शेंदूर मीच काढला. अक्षरं दिसली. पेन्सलीनं कागदावर जशीच्या तशी उतरून घेतली आन् मिशनच्या शाळंतल्या हेडमास्तरांकडं नेली. त्यांनी वाचून दावलं. पिलेगाचं, गुरांचं, समदं. मी आलो, पंचांना सांगितलं. म्या काय त्यांची टिंगल केली न्हाई. म्हनलं, आपल्या बापजाद्यांनी रोगाच्या जागंत बसून धंदा उभा केला, ह्यात काय कमीपना हाय? उलट मोठेपनाच हाय. त्यांनी कागद फाडला. म्हनले, खोटं बोलतोस, पागोटं काढ. मी म्हनलो, खोटं बोललो न्हाई, काढनार न्हाई.”

 मी म्हटलं, “पण आज… धाकटीचं लग्न… मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी विडा दिला असता का?”

“दिला असता. तेच तर ठरलं हुतं.” आप्पा म्हणाले. “मोठ्या पंचांना मीच म्हनलो, माझी पोरगी इंग्रजी शिकवती. ती वाचंल. तुमी म्हनता तसं निगालं तर मी पागोटं काढतो. मी म्हनतो तसं निगालं तर न काढता विडा द्या. मोठे पंच म्हनले, कबूल, कसंबी निगालं तरी पोरीचं लगीन अडवनार न्हाई. शपथ घेतली त्यांनी दगडाची. दगड घासून ठेवला त्यो काय उगंच?”

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर पढवून आनली म्हनले असते.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आन् खरं वाचायला काय सांगावं लागतंय?”

आम्ही घरी पोचलो. दारात धाकटी उभी होती. विडा पाहून ती आप्पांच्या गळ्यात पडली आणि रडली, आणि आप्पा हसले. मला ते हसू बघवलं नाही.

लग्न झालं. दुष्काळातही दोन्ही आळ्या जेवायला आल्या, ज्यांनी अकरा वर्षं आमच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता ते पंगतीत आग्रह करत होते. मोठे पंच मांडवात उभे राहून बोलले. म्हणाले, ज्याची चूक होती त्याने कबूल केली, आता मनात काही ठेवू नका. म्हणाले, ह्याच माणसाच्या शिकलेल्या लेकीने आपल्या तोंडाने दगड वाचला, आता कुणाला शंका राहायला नको. लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आप्पा वऱ्हाडाला पाणी देत होते. हातातली घागर न हलवता त्यांनी ते सगळं ऐकलं. मी ह्या मोठ्या पंचांना आयुष्यभर ढोंगी म्हणत आले, आणि त्या माणसाने शब्द दिला होता, खरं ऐकायला जीव मुठीत धरून बसला होता. ढोंग त्या हॉलमध्ये त्या दिवशी एकीनेच केलं.

पुढच्या दसऱ्याला दगडाशेजारी पत्र्याचा बोर्ड लागला. मी वाचलेलं सगळं मराठीत, ऑइलपेंटने, उपरण्यासकट आणि टोपीसकट. खाली ‘वाचन’ असं लिहून माझं नाव, पुढे बी.ए., बी.एड. दगडाला पुन्हा शेंदूर लावला, कारण आता दगड वाचायची गरज उरली नव्हती. हॉल दाखवायला आणलेल्या पाहुण्यांपुढे मुलं तो बोर्ड मोठ्याने वाचत. आप्पा पुन्हा समाजात आले होते, म्हणून तेही तिथे असत.

एकदा सुटीत मी धीर करून म्हटलं, “आप्पा, मी पंचांकडे जाते. सांगते, मी खोटं वाचलं.”

आप्पा मागावर बसले होते. धोटा थांबवून म्हणाले, “नगो. तुझ्या नोकरीवर, धाकटीच्या सासरवर बोट यील. घरात एक खोटा मानूस पुरे. गावानं मला ठरवलाच हाय.”

मी दोनदा नाही नाही म्हटलं. मग पिशवी भरली. सोमवारी सकाळच्या गाडीने बेलापूरला जाऊन शाळेत हजर झाले.